थोरल्या माणसांचे इन्शुलिन : टोपणाचा रंग पाहा



साखर कारखान्याच्या पत्रिकेत मधुमेहावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. पण मावळ, मुळशी, खेडमधील आपली घरे बदलली आहेत. पिंपरी, भोसरीपाठोपाठ चाकणला कारखाने आले. मुलगा पाळीवर, सून नोकरीला. थोरले माणूस मग वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषागृहात ठेवावे लागते. त्यात कमीपणा नाही. मात्र ते इन्शुलिनवर असेल, तर घरच्यांनी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण पंपात औषध अडीचपट पडले तर पिकाचे काय होते, हे आपण सारे जाणतो.

इथेही तोच हिशोब आहे. आपल्याकडे इन्शुलिन प्रामुख्याने दोन ताकदींचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट अंगात जातात. उलट केले तर फक्त ८. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपण जुळवूनच सुई टोचावी. सुई किंवा पेन दुसऱ्याला वापरू नये.

दुसरी गोष्ट जेवणाची. इन्शुलिन दिले आणि म्हातारा जेवलाच नाही, तर साखर उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही लक्षणे. "वयामुळे बरळतात" म्हणून सोडू नये. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये; १०८ ला फोन करावा. जेवण टळणार असेल तर डोस किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी; साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्यावी.

भेटीला जाताना फळे न्यालच. सोबत डोसाची वहीही मागून पाहा : वेळ, युनिट, साखर, देणाऱ्याची सही. उसाची वजनपावती आपण नीट वाचतो. आई-वडिलांची वहीही तशीच वाचावी, एवढीच विनंती.