माहितीपुस्तिकेने स्मार्टफोन समजतो का?

नव्या स्मार्टफोनचे खोके उघडले की आत फोन, चार्जिंगची वायर, सिमचा कप्पा उघडण्याची टाचणी आणि बारीक अक्षरांतला घडी घातलेला एक कागद निघतो. त्या कागदावर हमीच्या अटी आणि सुरक्षिततेच्या सूचना असतात. फोन वापरायचा कसा, याविषयी त्यात फारसे काही नसते. पूर्वी साधा रेडिओ किंवा शिवणयंत्र घेतले तरी सोबत पुस्तिका येई. आज घरातले सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र मात्र जवळजवळ पुस्तिकेविनाच घरात येते. मग अशी पुस्तिका कोणी लिहून दिली, तर नवख्या माणसाला फोनचा अधिक उपयोग करून घेता येईल का?

कुपवाडसारख्या गावात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराच्या पगाराचा संदेश फोनवर येतो, मुलांच्या शाळेचा निरोप फोनवर येतो आणि किराण्याचे पैसेही फोनवरून देता येतात. ज्याला हे जमत नाही तो फोन मुलाच्या, शेजाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या हातात देतो. पुष्कळदा पिनही सांगून टाकतो. म्हणजे फोन न येण्यामुळे केवळ सोय बुडते असे नाही, तर आपल्या पैशाची किल्ली परक्या हाती जाते.

पुस्तिका कोण वाचतो?

या प्रश्नावर स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधी संशोधन झाले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी कार्यालयीन कर्मचारी संगणकावर पत्रे टाइप करायला कसे शिकतात, याचा अभ्यास करत होते. कंपनीने काळजीपूर्वक लिहिलेल्या जाड पुस्तिका या कर्मचाऱ्यांपुढे ठेवलेल्या असत. पहिल्या पानापासून क्रमाने वाचत जावे, ही लेखकांची अपेक्षा. प्रत्यक्षात शिकणारे पाने उलटून पुढे जात, मधलाच एखादा परिच्छेद वाचत आणि लगेच यंत्राला हात घालत. चूक झाली की तिच्यातून बाहेर कसे पडावे, हे त्यांना कळत नसे.

हा आळस नव्हे. शिकणाऱ्याला यंत्र शिकायचे नसते, काम उरकायचे असते. त्याला पत्र लिहायचे असते आणि पुस्तिका त्याला कळफलकाचे भाग सांगत बसते. कॅरोल यांनी १९९० साली या विषयावर लिहिलेल्या पुस्तकाचे नाव 'द न्यूर्नबर्ग फनेल' असे आहे. डोक्यात नरसाळे लावून ज्ञान ओतता येते, या जुन्या जर्मन कल्पनेवरून ते घेतलेले आहे. असे नरसाळे अस्तित्वात नाही, हे आपणा शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

लहान पुस्तिकेचा प्रयोग

मग पुस्तिका नकोच का? कॅरोल यांनी तसा निष्कर्ष काढला नाही. त्यांच्या गटाने वेगळ्या तऱ्हेची, बरीच लहान पुस्तिका तयार केली. तिच्यात प्रस्तावना आणि उजळणी नव्हती. प्रकरणांना यंत्राच्या भागांची नव्हे, तर कामांची नावे होती. वाचकाने पहिल्या काही मिनिटांतच खरे काम सुरू करावे, अशी तिची रचना होती. काही गोष्टी मुद्दामच अर्धवट सांगून बाकीचे करून पाहायला सोडले होते. शिवाय चूक ओळखावी कशी आणि दुरुस्त करावी कशी, याला भरपूर जागा दिली होती. नेहमीची पुस्तिका वापरणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा ही लहान पुस्तिका घेऊन शिकणाऱ्यांना सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला.

याच गटाने यंत्रातही एक बदल करून पाहिला. लहान मुलाच्या सायकलला आधाराची जादा चाके लावतात, तशी नवख्यांसाठी धोक्याची कामे काही काळ बंद करून ठेवली. त्यामुळे चुकांत वेळ कमी गेला. फोनच्या बाबतीत आपल्याला बटणे बंद करता येणार नाहीत, पण पुस्तिकेत दोन याद्या देता येतील. पहिल्या यादीत परत फिरवता येणाऱ्या गोष्टी: आवाज, उजेड, अक्षराचा आकार, पडद्यावरची मांडणी. दुसरीत परत न फिरणाऱ्या किंवा सहजासहजी न फिरणाऱ्या: पाठवलेले पैसे, सांगितलेला पिन, फोन पूर्ण कोरा करणे. 'काहीतरी बिघडेल' या भीतीने कित्येक वडीलधारी माणसे फोनला हात लावत नाहीत. पहिली यादी ती भीती घालवते, दुसरी खरा धोका दाखवते.

कृती सांगावी की कारण?

येथे एक अडचण येते. 'अमुक ठिकाणी दाबा, मग तमुक ठिकाणी दाबा' अशा सूचना लिहिल्या, की काही महिन्यांत फोनची प्रणाली अद्ययावत होते आणि बटणाची जागा बदलते. शेजाऱ्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा असला, तर त्याची मांडणीही निराळी असते. मग पुस्तिकेत टिकाऊ असे काय लिहावे?

याचे उत्तर १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडते. डेव्हिड कीरस आणि सुझन बोव्हेअर यांनी दिवे आणि बटणे असलेली एक साधी पेटी लोकांना चालवायला शिकवली. एका गटाने कृती पाठ केल्या. दुसऱ्या गटाला आधी पेटीची आतली रचना सांगितली: ऊर्जा कोठून येते आणि कोणत्या भागातून कोठे जाते. हा दुसरा गट लवकर शिकला, आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत त्याला अधिक आठवले आणि लांबलचक कृतींना जवळच्या वाटाही त्याने शोधल्या. मात्र सगळे शास्त्र सांगण्याची गरज नव्हती. ज्या माहितीवरून पुढची कृती ताडता येते, तेवढीच उपयोगी पडली.

ही कसोटी फोनला लावून पाहू. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण स्पर्शाचे. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते. बोट जवळ आले की तेथील विद्युतधारकता बदलते आणि फोनला जागा कळते. म्हणजे फोन दाब ओळखत नाही, तर वाहक बोट ओळखतो. हे एक वाक्य समजले की जाड हातमोजा घालून फोन का चालत नाही, पाण्याचे थेंब पडल्यावर तो का गोंधळतो आणि जोरात दाबून का उपयोग होत नाही, हे ज्याचे त्याला उमगते.

दुसरे उदाहरण बॅटरीचे. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोनला अधिक शक्तीने लहरी सोडाव्या लागतात, म्हणून चार्जिंग लवकर संपते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेव्हा अनेक भागांत वीज नव्हती. अशा वेळी विमान मोड चालू ठेवून ठरलेल्या वेळी थोडा वेळ तो बंद केला, तर बॅटरी जास्त टिकते. विमान मोड चालू असताना आपल्याला कोणाचा फोन येणार नाही, हेही त्याच कारणातून कळते.

तिसरे उदाहरण पैशाचे. यूपीआयचा पिन म्हणजे 'माझ्या खात्यातून पैसे काढा' अशी बँकेला दिलेली आज्ञा. शिल्लक पाहायलाही तो लागतो, पण पैसे घ्यायला कधीच लागत नाही. 'बक्षीस लागले आहे, पिन टाका' असे कोणी म्हणाले, तर ते खोटे आहे हे ओळखायला आता निराळी सूचना लागत नाही. फसवणुकीच्या तऱ्हा दर महिन्याला बदलतात, हे तत्त्व बदलत नाही.

शब्दांचाही विचार हवा. लोक 'नेट', 'रेंज', 'स्कॅनर' म्हणतात. पडद्यावर 'मोबाइल डेटा', 'विमान मोड' असे काही लिहिलेले असते. पुस्तिकेत लोकांचा शब्द आणि पडद्यावरचा शब्द शेजारी शेजारी छापावेत.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हा चांगला प्रकल्प देता येईल. आपल्या परिसरातील दहा-बारा नव्या फोनधारकांना भेटून त्यांना कोणती कामे अडतात हे विचारावे. त्यांतील पाच कामांची आठ पानी पुस्तिका तयार करावी. प्रत्येक पानावर एक काम, एक चित्र, एक कारण आणि 'अडल्यास काय करावे' एवढेच असावे. शेवटच्या पानावर आपत्कालीन मदतीचा ११२ आणि सायबर फसवणुकीची तक्रार करण्याचा १९३० हे क्रमांक ठळक छापावेत.

मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाला पुस्तिका द्यावी, दुसऱ्याला देऊ नये. दोघांना तीच कामे द्यावीत. लागलेला वेळ, झालेल्या चुका आणि कितीदा मदत मागितली, याची नोंद ठेवावी. आठवड्याने पुस्तिकेत नसलेले एक नवे काम दोन्ही गटांना द्यावे. पुस्तिकेने नुसती पाठांतरे झाली की समज आली, ते या शेवटच्या चाचणीत दिसेल. प्रयोगात खरे पैसे आणि खरा पिन मुळीच वापरू नये. चाचणी पुस्तिकेची आहे, तुमची नव्हे, हे मोठ्यांना आधीच सांगावे. प्रयोग संपल्यावर दुसऱ्या गटालाही पुस्तिका द्यावी.

पुस्तिका उपयोगी पडते, पण ती कामावर बेतलेली, चूक सुधारायला शिकवणारी आणि मोजकी कारणे सांगणारी असावी; शिवाय वाचताना फोन शिकणाऱ्याच्याच हातात असावा. फोन आपल्या हातात घेऊन 'थांबा, मी करून देतो' असे म्हणणारा मदतनीस त्या वेळेपुरते काम उरकतो, पण पुढच्या वेळी फोनधारक पुन्हा तेथेच अडतो. पुस्तिका वाटताना विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे.