मिठाला पाणी सुटतं तसं

आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, चमचा आत रुतून बसतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाचा कोरडा कण हवेतली वाफ ओढून विरघळतो आणि खारट थेंब होतो. दिल्लीच्या हिवाळी हवेतले कितीतरी कण असेच वागतात.

‘दमट हवेत धूळ खाली बसते’ हा सगळ्यांत पक्का गैरसमज. धूळ बसवतो तो पाऊस, नाहीतर अंगणातला सडा. नुसता दमटपणा कणांना फुगवतो. अमोनियम सल्फेटचा कण ८० टक्के आर्द्रतेच्या आसपास विरघळतो. ९० टक्क्यांना त्याचा व्यास सुमारे १.७ पट होतो, म्हणजे आकारमान जवळजवळ ५ पट. इतका फुगूनही तो हवेत तरंगतच राहतो. प्रकाश मात्र जास्त विखुरतो, म्हणून समोरची इमारत दिसेनाशी होते.

मग कोणी म्हणतं, ‘धुकंच आहे ते, प्रदूषणाचा आकडा उगाच फुगलाय.’ यात थोडं तथ्य आहे. स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या आधारे मोजतात आणि कणांतलं पाणीही प्रदूषणात धरतात. पण ते पाणी निरुपद्रवी नसतं. १९५२च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांना, लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं साचलं. त्याच्या थेंबांत सल्फर डायऑक्साइड विरघळून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं. सुरुवातीलाच सुमारे ४००० मृत्यू मोजले गेले. नंतरचे अंदाज १२,०००पर्यंत जातात.

‘म्हणजे आम्लता कमी झाली की हवा सुधारली’ असं वाटणं साहजिक आहे, पण हिशोब इतका सरळ नाही. गंगेच्या खोऱ्यात युरिया आणि गुरांचं मलमूत्र यांतून भरपूर अमोनिया हवेत जातो. तो आम्ल मारतो हे खरं; पण त्याच्याशी संयोग होऊन नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ अमोनियम नायट्रेट व अमोनियम क्लोराइडच्या रूपाने कणांत उतरते. दिल्लीच्या हिवाळी धुरक्यात या क्लोराइडचा मोठा वाटा असल्याचं आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवलं. तेही पाणी ओढतं. उलट आम्लता वाढली, तर कणांतलं लोखंड आणि तांबं विरघळतं आणि फुप्फुसांना जास्त जाचतं. दोन्हीकडून मार आहे, म्हणून गंधक, अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडणारा जळता कचरा या तिन्हींना एकदम आवर घालावा लागेल.

आणि कोरड्या दुपारी नाकातून आत गेलेला कणही कोरडा राहत नाही. फुप्फुसात आर्द्रता ९९ टक्क्यांच्या वर असते. तिथे पोचेपर्यंत त्याला पाणी सुटलेलं असतं.