वाख आणि प्लॅस्टिकची सोयरीक

घायपाताच्या वाखाचा दोर सहज तुटत नाही, हे तुम्ही जाणताच. हा वाख प्लॅस्टिकमध्ये घातला तर? काचतंतूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, वाखाची सुमारे १.४, म्हणजे वस्तू हलकी होईल. पण वाखातील सेल्युलोजला पाणी प्रिय, पॉलिप्रॉपिलीनला अप्रिय! पकड बसत नाही. ताण पडताच तंतू न तुटता उपसून येतो.

उपाय दोन. वाख सौम्य कॉस्टिक सोड्यात भिजवला, की मेणकट थर निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले थोडे पॉलिप्रॉपिलीन मिसळले, की ते दोघांना सांधते. मात्र तापमान २००° सेल्सियसच्या फार वर गेले, तर वाख करपतो.

आता सांगा पाहू : न सांधलेली वस्तू ओलाव्यात का फुगेल?