टेपवर ३० टीबी का मावत नाही?

• एलटीओ-८ टेपची मूळ क्षमता १२ टीबी. वेष्टनावरचे ३० टीबी २.५ पट कॉम्प्रेशन गृहीत धरून छापलेले असतात. खरेदीचा हिशेब मूळ क्षमतेवरच करा.

• कारखान्याची ऊसबिले, पतसंस्थेच्या नोंदी चांगल्या आवळल्या जातात. जेपीजी फोटो, लग्नाचे व्हिडिओ, झिप फाइली आधीच आवळलेल्या असतात.

• शंका आली तर नमुन्याची फाइल संगणकावर झिप करून बघा. तिथेही आकार घटला नाही, तर दोष ड्राइव्हचा नाही.

• एन्क्रिप्शन आधी झाले, तर पुढे कॉम्प्रेशन जवळजवळ शून्य. एन्क्रिप्शन ड्राइव्हकडेच सोपवा. तो आधी आवळतो, मग कुलूप घालतो.