यमराजही पाहुणा होतो तो दिवस

यमाला जेवायला कोण बोलावणार? पण बोलावलं, त्याच्याच बहिणीनं! यमुनेनं भावाला ओवाळलं, पोटभर जेवू घातलं. खूश होऊन त्यानं वर दिला की आजच्या दिवशी जो बहिणीच्या हातचं जेवेल, त्याला माझं भय नाही. म्हणून कार्तिक शुद्ध द्वितीया ही यमद्वितीया, म्हणजेच आपली भाऊबीज. मथुरेच्या विश्राम घाटावर या दिवशी भाऊ-बहिणी जोडीनं यमुनेत स्नान करतात.

जुनी माणसं बजावायची, भाऊबीजेला पुरुषानं स्वतःच्या घरी जेवू नये. सख्खी बहीण नसेल तर चुलत, मावस, मानलेली, पण जेवण तिच्याचकडे. तबकातल्या ओवाळणीपेक्षा मला हा नियम लाखमोलाचा वाटतो. भावानं उठून तिच्या दारी जायचं, तिचं बरं चाललंय ना ते डोळ्यांनी पाहून यायचं. टपालही धड पोचत नव्हतं तेव्हा सासुरवाशिणीची खबर घ्यायची ही हक्काची वाट होती.

आणि भाऊच नसेल तर? चंद्राला ओवाळायचं! समुद्रमंथनातून निघालेला तो लक्ष्मीचा भाऊ, म्हणून साऱ्यांचा चांदोमामा. मात्र निरांजन आधीच लावून ठेवा. बीजेची कोर दिवस मावळल्यावर फार वेळ थांबत नाही.

सगळ्यांत झणझणीत रीत भोजपुरी मुलखातली. तिथे बहिणी आधी भावाला चक्क मरणाचे शाप देतात! मग रेंगनीचा, म्हणजे आपल्या भुईरिंगणीचा, काटा जिभेला टोचून त्याचं प्रायश्चित्त घेतात आणि भरभरून आशीर्वाद देतात. बंगालच्या भाईफोंट्यात चंदनाचा टिळा लागतो तो डाव्या हाताच्या करंगळीनं.

नेपाळात तिहारच्या पाच दिवसांत पहिला मान कावळ्याला, दुसरा कुत्र्याला. भावाचा नंबर शेवटच्या दिवशी! पण थाट बघा: कपाळी सात रंगांचा टिळा, गळ्यात लवकर न सुकणाऱ्या मखमली फुलांची माळ, आणि विघ्नं फुटावीत म्हणून दाराशी फोडलेला अक्रोड.

मणिपुरात याच तिथीला निंगोल चाकौबा. तिथे निमंत्रण भावाकडून जातं, लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात आणि पानात मासे हवेतच. पूर्वी तिथेही बहीणच भावाला बोलवायची. पण एकोणिसाव्या शतकातल्या राजा चंद्रकीर्तीला बहिणी इतक्या, की एका दिवसात जेवणार तरी किती घरी? सांगतात, त्यानंच मग सगळ्यांना राजवाड्यावर बोलावलं आणि रीत फिरली.

पुण्याची ओवाळणी तर घराबाहेर पडली. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेसाठी कार्यकर्त्या दारोदार भाऊबीज निधी मागू लागल्या. अनोळखी घरांतून आलेल्या त्या ओवाळणीवर कितीतरी मुली शिकल्या.