ब्रह्मगिरीचे थर

त्र्यंबकेश्वरला उतरलेला माणूस सरळ देवळाच्या रांगेत लागतो. नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेले काळ्या पाषाणाचे देऊळ, कुशावर्त, सिंहस्थ, हे सगळे नाशिककरांना पाठच आहे. या खेपेला आम्ही मागच्या ब्रह्मगिरीच्या पायऱ्या धरल्या. पण आमची सकाळ गेली ती वाटेतच, रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका पाथरवटाजवळ.

हातोडीने दगडावर हलकेच टोला द्यायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. "हा काळा पाषाण," ते म्हणाले, "आणि हा मांजऱ्या. याला भोकं असतात, त्यात पांढरी गार भरलेली. पाट्याला नाही चालत, चटणीत कचकच येते." लहानपणी गल्लीत टाकी लावणारी बाई यायची, आई पाटा अंगणात काढून द्यायची. ती टकटक कित्येक वर्षांनी कानावर पडली.

पाथरवटाच्या त्या दोन दगडांत सह्याद्रीचा जन्म आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला, मग त्यावर पुढचा. थराच्या पोटात घट्ट काळा पाषाण झाला. माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. त्यांचे देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आहेत. ब्रह्मगिरीच्या कड्यावरचे आडवे पट्टे म्हणजे हेच थर.

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिला. इथे तशी टक्कर झालीच नाही, उलट फारकत झाली. पश्चिमेचा सेशेल्सचा भूभाग तुटून दूर गेला आणि पठाराची तुटकी कड उंच राहिली. तेव्हापासून पाऊस ती कड झिजवतो आहे, गाळ समुद्रात नेतो आहे. होडीतला माल उतरवला की होडी वर येते, तशी ओझे हलके झालेली ही कड अगदी सावकाश वर उचलली जाते, असे भूशास्त्रज्ञ मानतात. झिजणारा डोंगर झिजण्यामुळेच वर येतो, हे मला फार विलक्षण वाटते.

माथ्यावर, सुमारे १,३०० मीटरवर, गोदावरीचा उगम. गौतम ऋषींसाठी शंकराने इथे जटा आपटून गंगा आणली, अशी श्रद्धा. खडकावरच्या त्या खुणांना लोक हात लावून नमस्कार करतात. नदी पुढे गंगाद्वारी दिसते, मग कुशावर्तात. अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरही नाही, तरी ती त्याच्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते, कारण पश्चिमेची कड उंच आणि सारे पठार पूर्वेकडे कललेले.

याच डोंगराच्या पायथ्याशी २०२१ मध्ये सुरुंगांचे आवाज ऐकून नाशिककर रस्त्यावर उतरले होते. डोंगर फोडण्याची ती घाई आजही मनातून जात नाही.

उतरताना पाथरवटाकडे पाटा मागितला. त्यांनी एक जवळजवळ पुरा झालेला पाटा उचलला, टोला दिला आणि बाजूला ठेवला. "सुरुंगाचा दगड आहे. वरून दिसत नाही, आत तडा असतो." मग दुसरा वाजवून पाहिला. मग तिसरा.