खरेदीचा भाव

चर्नी रोडहून चर्चगेटकडे लोकल ज्या पट्ट्यावरून धावते, तो बॅकबेत भराव घालून मिळवलेला. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्या पैशावर भरावाच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० वर गेला. युद्ध संपले, तसा २,००० च्या खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० वरून ८७ वर!

पडत्या भावाशी मन कसे जुळवून घेते? आधी ‘विकले नाही तोवर तोटा कागदावरच’, मग ‘ॲव्हरेज करू’, शेवटी ‘मुद्दल सुटले की निघू’. तिन्हींत खरेदीचा भाव ठाण मांडून बसलेला. बाजाराच्या तो गावीही नसतो. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले, की तोटा तेवढ्याच नफ्याहून अधिक बोचतो आणि तो टाळण्यासाठी माणूस जास्त जोखीम घेतो.

१८६५ चे शेकडो सौदे मात्र वायद्याचे होते, मुदत १ जुलै. ज्याच्यापाशी शेअर होता, तो आशेवर वर्षे काढू शकत होता. वायदेवाल्याला त्याच दिवशी फरक मोजायचा होता. मनाची समजूत घालायला त्याला सवडच मिळाली नाही. प्रेमचंद रायचंदही त्या पडझडीत बुडाले.